शकूच्या चिमणीचं गाणं आणि माझी ओळ

शकूने माझी ओळ ढापली आणि जन्मात कबूल केलं नाही.

आज सकाळी ती गेली.

सगळे तिच्या चिमणीच्या कार्टूनचं गाणं स्टेटसला टाकतायत. टाका. पण ते आलं कुठून, तेवढं ऐकून टाका.

शकू माझी चुलत बहीण. मला हिरी म्हणायची. सुप्याच्या अलीकडे आमच्या दोघींच्या घरची रानं बांधाला बांध लागून. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला आम्ही दोघीच. तिच्या रानात तिचा माळा, माझ्या रानात माझा. मधे एवढी ज्वारी, की लांबून माणूस दिसायचं, पण जागं आहे का झोपलंय ते कळायचं नाही.

म्हणून एकीने हाक मारायची, दुसरीने ओ द्यायची.

ओ आली नाही तर माळ्यावरून उतरायचं आणि पळत सुटायचं. रानात साप-विंचू, त्यामुळे घरच्यांचा हा कडक नियम.

नुसत्या हाकेचा कंटाळा आला म्हणून आम्ही तिचं गाणं केलं. पहिली ओळ शकूची.

"माळ्यावरच्या बाई गं, चिमनी आली का?"

दुसरी माझी.

"आली हुती, उडाली, तुज्याकडं गेली गं."

चाल दोघींची. पण 'गेली गं'वरचा हेलकावा माझा. त्यात वाटणी नाही.

एकदा तिची ओ आली नाही. मी अनवाणी पळाले. बघते तर बाईसाहेब विंचू चावून माळ्याखाली पाय धरून बसलेल्या. रडणं बाजूला ठेवून मलाच म्हणते,

"इतका येळ लावलास व्हय?"

अशी होती.

पुढे ती मावशीकडे मुंबईला शिकायला गेली. माझं लग्न झालं, सुप्यातच.

टीव्ही नवा नवा होता तेव्हा, म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर असेल, आमच्याकडे एकाच घरी सेट होता. डॉक्टरांकडे. ॲन्टेनाला लांबलचक बांबू बांधलेला, तरी चित्र कमी आणि मुंग्याच जास्त. शकू मुलांच्या कार्यक्रमात नोकरीला लागली होती. तिचं कार्टून दाखवणार म्हणून आख्खी आळी डॉक्टरांच्या हॉलमध्ये. मी सासूबाईंशेजारी सतरंजीवर, डोक्यावर पदर घेऊन. ऊर नुसता भरून आलेला. माझी शकू टीव्हीवर!

मुंग्यांतून एक कागदाची चिमणी उडत आली. पेटी वाजली. आणि शकूचा आवाज.

"माळ्यावरच्या बाई गं, चिमणी आली का?"

माझ्या तोंडून आपसूक ओ गेली. मोठ्यांदा. भर हॉलमध्ये. सवय होती हो, हाक आली की ओ द्यायची.

सगळे खो खो हसले. सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला.

आणि टीव्हीवर माझ्या ओळीच्या जागी बासरी वाजली. नुसती बासरी, पण 'गेली गं'चा हेलकावा माझाच.

शेवटी पाटी आली. शकूचं नाव. त्याखाली 'चाल : पारंपरिक'.

मी वीस वर्षांची होते. धडधाकट. आणि पारंपरिक.

मग ते गाणं जो तो म्हणायला लागला. मी माझी ओळ म्हटली की शेजारणी म्हणायच्या, टीव्हीवरचं उचलायचं आणि वर पदरचं घालायचं, बरं जमतं तुला. घरच्याच माणसाने आतून कडी लावून घ्यावी, तसं वाटायचं मला.

दिवाळीला ती आली तेव्हा विचारलंच. मी फार काही मागत नव्हते. चारचौघांत एकदा म्हण, हे मी आणि हिरीनं केलं. बस.

लाडू खाता खाता म्हणाली, "अगं, रानातलं गाणं ते. सगळ्यांचंच असतं."

बोलणंसुद्धा बदललं होतं तिचं.

त्यानंतर लग्नकार्यात भेटलो, हळदीकुंकू लावलं, गुडघे कसे आहेत विचारलं. तो विषय मी काढला नाही, तिने तर नाहीच. पण तिची मुलाखत असली की मी टीव्हीपुढे बसायचे. आज म्हणेल. आज तरी म्हणेल.

दर वेळी 'लोकगीत'.

आज सकाळी पुण्याहून तिच्या मुलीचा फोन आला. मी उकळता चहा बंद केला आणि मिळेल ती यष्टी धरली. वाटभर स्वतःलाच बोल लावत होते, की हिरे, कशाला मरायला पळतेस?

पुण्यात मुलीच्या घरी पोचले. हॉलमध्ये शकू. कुणीतरी मोबाईलवर ते गाणं लावलेलं. तिचा तरुण आवाज.

मग बासरी.

माझी ओळ अगदी ओठांवर आली होती. गिळून टाकली. तिथे म्हटली असती तर पुन्हा सगळ्यांचीच झाली असती.

तिची मुलगी गळ्यात पडली. म्हणाली, "मावशी, लगेच आलात. तुमचं आणि आईचं मिटलं होतं ना?"

नाही गं बाई. काही मिटलं नव्हतं. आजही मिटलेलं नाही.

पण ओ आली नाही की पळत सुटायचं, एवढं मला शिकवलेलं आहे.

शकू, आले बघ मी. माफ केलेलं नाही, सांगून ठेवते.

आता म्हण की, इतका येळ लावलास व्हय?