रत्नमालाची अडकलेली लेन्स

वर्षाचा तांदूळ कोठीत भरण्याआधी त्याला एरंडेल चोळावं लागतं, नाहीतर उन्हाळा लागता लागता किडे होतात. यजमान पहिल्या पाळीला पोलादाच्या प्लांटवर गेले की मी हे काम काढते. त्या सकाळीही परातीत तांदूळ होता, कोपरापर्यंत हात तेलकट होते, आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली.

मनगटानं कडी सरकवली. दारात रत्नमाला उभी होती. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तिनं छातीशी धरलं होतं, न्हालेलं बाळ धरावं तसं.

रत्नमाला मेश्राम आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिचा नवरा विनोद रोज सायकलनं प्लांटवर जातो, आणि ही बायांच्या कार्यक्रमांचे फोटो काढते. ओटीभरण, बारसं, हळदीच्या आदल्या दिवशीची मेंदी. ज्या खोलीत बाया पदर सैल सोडून हसतात, तिथं स्टुडिओचा मुलगा उंबऱ्याशीच थबकतो. रत्नमाला सरळ आत जाऊन चटईवर मांडी घालते. वरठीपासून मोहाडीपर्यंतच्या घरांत तिला बोलावणं असतं ते याचसाठी. तिचा एक नेम आहे. कार्यक्रम संपला की ती भिंतीला पाठ टेकते, स्वयंपाकघरातल्या बायांनाही हात पुसत बाहेर बोलावते आणि सगळ्यांचा एक फोटो काढते. त्यात कोणी सुटलेलं तिला खपत नाही.

टॉवेल उघडला. आत कॅमेरा. सेकंडहँड घेतलेला, लेन्स त्याच्याबरोबरच आलेली. चित्र जवळ-लांब करायचं गोल कडं ती फिरवून दाखवू लागली, पण ते जागचं हलत नव्हतं.

"ताई, फसली. पाहा ना, फिरूनच नाही राहिली."

कडं पस्तीसच्या आकड्याशी अडलं होतं. आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं; पस्तीसवर, तिनं सांगितलं, खोलीतलं अर्धंच दिसतं. तिची काळजी वेगळीच होती. मोहाडीच्या निर्मलाबाईंकडे सुनेच्या ओटीभरणाला ती गेली, तेव्हाच कडं जड फिरायला लागलं होतं. सगळ्यांचा फोटो घेताना ते अर्ध्यावर थांबलं. भिंत पाठीला लागलेली, मागं सरकायला जागा नाही. घरी येऊन पाहिलं तर सुनेची आईच कापली गेलेली. नारळ धरलेला तिचा हात तेवढा कडेला आला होता. त्या माउलीनं चार दिवसांनी फोन केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "माझा हातच आला वो बाई. मी कुठं हाव?"

आता त्याच घरी, त्याच खोलीत बारसं होतं. निर्मलाबाईंनी पुन्हा रत्नमालालाच सांगितलं, पण बोलता बोलता भंडाऱ्याच्या एका स्टुडिओचंही नाव काढलं. या वेळीही ती आई सुटली, तर पुढच्या बोलावण्याची आशा नको, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी लेन्स हातात घेतली आणि एरंडेलाचा वास आला. वाटलं, माझेच हात. साबणानं दोनदा धुतले, पुसले, पुन्हा घेतली. वास होताच. कड्याच्या फटीत टाचणी घालून पाहिली, तर टोकाला पिठूळ, तेलकट मळ निघाला. बोटांत चोळला. कोंड्याचा होता. नव्या तांदळाला असतो तोच.

पावसाळाभर कॅमेरा कुठे ठेवत होतीस, असं मी विचारलं.

"तांदळाच्या कोठीत. मोबाईल पाण्यात पडला तं तांदळातच ठेवतात ना? म्हटलं, ह्याले बी ओल नाही लागणार."

यात तिला मूर्ख म्हणावं असं काही नाही. आमच्याकडे घरात सगळ्यात कोरडी, सगळ्यात जपलेली जागा कोणती, तर तांदळाची कोठी. सोन्याची पुडीसुद्धा बाया तिथंच खुपसतात. फक्त एरंडेल चोळलेल्या तांदळात लेन्स जगत नाही, हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. भिंगाच्या आतही पातळ धुकं साचलं होतं. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगूनच टाकलं होतं, साफ करण्याच्या पैशात दुसरी जुनी येईल.

तर दुसरी कोणती, हा प्रश्न घेऊन ती आली होती. नागपूरच्या एका दुकानानं तिला वापरलेल्या तीन लेन्सचे फोटो पाठवले होते. एक फिल्मच्या जमान्यातली, अठ्ठावीस ते ऐंशी, सगळ्यात स्वस्त. दुसरी अठरा ते दोनशे, दूरचं जवळ आणणारी. विनोदचं मन हिच्यावर होतं. तिसरी सतरा ते पन्नास. जाडजूड, थोडी महाग, आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे कमी उजेडात चालणारी.

"हे म्हणतात, लांबची घे. वरठीच्या फलाटावर उभं राहून प्लांटची चिमणी मोजता येईल म्हणे. मी म्हटलं, माझ्या बाया तं हातभर अंतरावर बसतात, चिमणी मोजून मी काय करू?"

तरी मन डळमळत होतंच. ऐपत एकदाच घेण्याची होती. मी आकड्यांतली जाणकार नाही. पण वस्तू घेण्याआधी ती आपल्या घरात बसते का ते पाहायचं, एवढं मला कळतं. निर्मलाबाईंची खोली केवढी आहे, मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्या या स्वयंपाकघराएवढी, एक ट्यूबलाइट, एक खिडकी.

मग आम्ही बारसं मांडलं. तांदळाचा ड्रम म्हणजे निर्मलाबाई. पाटावर पाण्याची कळशी, ती बाळंतीण. डबे, बादल्या, सूप, सगळ्या आल्या-गेल्या बाया. आणि कोपऱ्यात कुकर, ती सुनेची आई.

रत्नमालानं भिंतीला पाठ लावली. आधी अडकलेल्या लेन्समधून पाहिलं, मग फोनचा कॅमेरा काढून दोन बोटांनी चित्र ओढत नेलं, लेन्समध्ये दिसतं तेवढंच दिसेपर्यंत. फोनवर दोनचा आकडा आला. मी हिशेब मांडला. पस्तीसचे दोन, तर अठराचा साधारण एक, आणि अठ्ठावीसचे दीड. शाळेतलं त्रैराशिक इतक्या वर्षांनी असं उपयोगी पडलं. दीडवर ठेवून तिनं फोटो काढला. कुकरचा फक्त कान आला. फिल्मच्या जमान्यातली स्वस्त लेन्स तिथंच बाद झाली. एकवर काढला. ड्रमपासून कुकरपर्यंत सगळ्या आल्या, कळशीच्या मागची बादलीसुद्धा.

उरल्या दोन, दोन्हींत खोली मावणारी. आता मला कुतूहल आवरेना. दुसरीत दोनशेपर्यंतची सोय आहे, मग तिसरीसाठी जास्त पैसे कशाला, असं मी म्हणाले. रत्नमालानं खिडकी लावली, ट्यूब लावली आणि मला सुपात तांदूळ घेऊन पाखडायला सांगितलं. तिच्या अडकलेल्या लेन्सनं फोटो काढला. माझा चेहरा नीट आला होता, पण हात आणि तांदूळ पांढऱ्या पुसट फटकाऱ्यासारखे.

फ्लॅश मार, मी म्हटलं.

"बाळाच्या डोळ्यावर? आज्ज्या घराबाहेर काढतील मले."

मग तिनं समजावलं. लांबच्या लेन्सचं तोंडही असंच लहान असतं, उजेड कमी घेते. तिसरीचं तोंड मोठं, ती दुपटीहून जास्त वेगानं फोटो घेईल, पाळण्याची दोरी ओढणारा हात स्वच्छ येईल. बायका कार्यक्रमात एका जागी कुठं बसतात? आणि दोनशेची गरज तिला कधी पडली, हे आठवायचा प्रयत्न दोघींनी केला. एकदा, बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत, तेही ती धावत पुढं गेली होती.

"म्हंजे तिसरीच," ती म्हणाली. आवाजात आनंद होता, पण कपाळावरची आठी गेली नव्हती. वापरलेली वस्तू. तिच्या आधीच्या मालकिणीनं ती कुठं ठेवली असेल, कोणाला ठाऊक. दुकानात ती पुसून, चकचकीत करून देतील. आत बुरशी, नाहीतर असंच काहीतरी असलं तर?

मी पुन्हा परातीशी बसले. रत्नमालानं कॅमेरा टॉवेलात गुंडाळला, निघाली, उंबऱ्यावर थांबली. कोपऱ्यातल्या कुकरकडे एकदा पाहिलं.

"ताई, एक काम करा माझं. उद्या सकाळच्या गाडीनं माझ्यासंग नागपूरले चला. फोटो काढून मी पाहीन. तुम्ही फक्त लेन्सचा वास घेजा."