थर्माकोलचा जबडा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्यात चित्रकला शिकवत होते आणि गणपतीत लोकांना थर्माकोलचे मखर कापून देत होते. तेवढ्यावरून ओळखीच्या एका सर्जननी मला धरलं. दोंडाईच्याकडच्या एका मुलीच्या जबड्यात गाठ वाढली होती. नाशिकहून काढून आणलेल्या सीटी स्कॅनच्या फिल्मवर जबड्याच्या नुसत्या आडव्या चकत्या दिसत. डॉक्टरांना त्यांवरून हातात धरता येईल असा जबडा हवा होता, म्हणजे किती कापायचं आणि त्या जागी बसवायची धातूची पट्टी कशी वाकवायची ते आधीच ठरवता आलं असतं.

"सोपं आहे," ते म्हणाले. सांगणाऱ्याला काय जातंय! फिल्मवरची चित्रं बोटभर. कडेच्या मापपट्टीवरून चौकटी आखून ती खऱ्या आकाराची केली. दोन चकत्यांत जेवढं अंतर तेवढ्या जाडीच्या थर्माकोलवर ती उतरवली, गरम तारेनं कापली, एकावर एक चिकटवली, कडांना झालेल्या पायऱ्या पॉलिश पेपरनं घासल्या. उजव्या बाजूला गाठीचा फुगवटा उभा राहिला, तेव्हा माझी चिडचिड थांबली. तोवर ती गाठ माझ्यासाठी फिल्मवरची एक किचकट रेघ होती.

मुलीचे वडील, आबा, ऑपरेशनला तयार नव्हते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना तो जबडा दाखवायला बोलावलं. मीही तिथे होते. मुलगी गालावर ओढणी धरून बसलेली. आबांनी जबडा हातात घेऊन अंगठ्यानं दाबला.

"हाई बसाडशात पोरना तोंडमा? येन्हावर ती भाकर कशी चावी?"

मला हसू फुटलं. डॉक्टर वैतागले, "अहो आबा, हा नमुना आहे, तोंडात बसवायचा नाही!" आबांनी तो टेबलावर ठेवला आणि उठले. "चाल वं माय," मुलीला म्हणाले.

ती उठली नाही. तिनं ओढणी सोडली, जबडा उचलून आपल्या गालाशेजारी धरला आणि फुगवट्यावर बोट ठेवलं.

"आबा, हाई बसाडानं नही. हाई मन्हंच शे. एवढंच काढानं शे."

आबा परत बसले. एकदा थर्माकोलकडे, एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्या पांढऱ्या फुगवट्यावरून अगदी हलकेच बोट फिरवून त्यांनी विचारलं, "दुखस का वं?"

"हा."

"मंग सांगं का नही?"

"तुम्ही मन्हाकडे देखेत कोठे, आबा?"

आबांनी तिच्या गालाला हात लावला आणि तिच्यावरची नजर न काढता डॉक्टरांना तारीख विचारली, "ऑपरेशन कवय करशात?"