ट्रेवरचं उडालेलं फूल
चहाच्या ट्रेवर रंगवलेलं एक फूल उडालेलं आहे. काही वर्षांपूर्वी अंगणात सडा टाकताना आमच्या जीपच्या चाकाजवळचा एक डाग वाळतच नव्हता. मी तो यांना दाखवला. "तुझ्या सड्याचंच पाणी हाय ते," आमचे हे हसले. दुसऱ्या दिवशी लेकरांना घेऊन रेणुकाईच्या दर्शनाला जीपनं जायचं होतं. मला पुन्हा बोलायला जमेना, म्हणून रात्री त्या डागावर गुपचूप हा ट्रे ठेवला. सकाळी त्यात चिकट थेंब होते आणि एका फुलाचा रंग विरघळला होता. ट्रे बघून यांचं हसू गेलं. "ब्रेकचं ऑइल गळून राह्यलं की! लेकरं बसवून निघालो असतो मी." चाकातल्या ब्रेकचं फाटकं रबर यांनी बदललं, मग ब्रेकमधली हवा काढायला मला पेडलवर पाय ठेवून बसवलं. खालून यांचा आवाज येई, "दाब... सोड. बराबर!" आता हे नाहीत. एका कपाला ट्रे लागत नाही, तरी मी कप त्यातच ठेवते.