आतून दोन ठोके

अक्काला जाऊन सहा आठवडे झाले. भेटायला आलेल्यांना मी एवढंच सांगितलं, की सकाळी बाथरूममध्ये हार्टअॅटॅक आला, फार त्रास झाला नाही. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं मला माहीत नाही... आणि ते माहीत नसण्याला मीच जबाबदार आहे, हे आता लिहून टाकतो.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. हुबळीला विद्यानगरातल्या शाळेत तिनं आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि माझी बायको गेल्यावर धारवाडला, सप्तापुरातल्या माझ्या घरी राहायला आली. तिचा एक त्रास घरात सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणीच त्याबद्दल बोलत नसे. शौचाला बसली की तास-तासभर उठता येत नसे. कळ यायची, जोर करून घामाघूम व्हायची, पण अडकलेलं ते अडकलेलंच. तरुणपणी एकदा अशीच आत बसलेली असताना आईनं घाबरून दार बडवलं. तेव्हापासून रिवाज पडला. बाहेरून कुणी ‘अक्का?’ म्हटलं की तिनं पितळी तांब्यानं लोखंडी बादलीवर दोन ठोके द्यायचे. म्हणजे, आहे, ठीक आहे. तसल्या वेळी तोंडानं बोलायला नको म्हणून. एरवी स्वतःवर हसायचीही. मी भूमापन खात्यात, तिचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. म्हणायची, “माझं पोट म्हणजे तुझं ऑफिस रे तम्मा. अर्ज सगळे घेतात, निकाल कुणाचाच लागत नाही.”

ऑपरेशनचा आग्रह माझा. आठ वर्षांपूर्वी हुबळीच्या एका सर्जननी तपासून सांगितलं, की आतडं शेवटच्या टोकाशी आतल्या आत घसरतंय, जाळी लावून वर बांधून घेता येईल. अक्का तयार नव्हती. “इतकी वर्षं आमचं भांडण चाललंय. आता सवय झालीय एकमेकांची.” मी ऐकलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी मला एकट्याला केबिनमध्ये बसवून नीट समजावलं. पुष्कळांना आराम पडतो, पण काहींचा त्रास काही वर्षांनी परत येतो. म्हणून आम्ही दरवर्षी फोन करून विचारतो. परत आला तर लाजू नका, लवकर या, करण्यासारखं असतं... बाहेर आल्यावर अक्कानं विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हणालो, “आराम पडतो.” पुढचं अर्धं मी गिळलं. सांगितलं असतं तर ती उठून घरी आली असती.

पहिली तीन वर्षं खरोखर चांगली गेली. सकाळी दहा मिनिटांत बाहेर. उणकलच्या तळ्यावर फिरायला जायची, लग्नाकार्यात सगळ्यांबरोबर पंगतीला बसायची. मग हळूहळू दार पुन्हा उशिरा उघडू लागलं. दवाखान्यात मी माझाच नंबर दिलेला. फोन यायचा तेव्हा मी ऑफिसात असायचो, चार माणसं टेबलाशी. पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारायची, “अक्का ह्यांग अदार्री?” अक्का कशा आहेत, म्हणून. आणि मग तिची यादी: किती वेळ बसावं लागतं, पूर्ण साफ होतं का, हातानं दाबावं लागतं का. भावानं बहिणीला हे कसं विचारायचं? मी म्हणायचो, “आराम अदार.” आराम आहे. सलग पाच वर्षं, तिला एकदाही न विचारता. तिच्या नावापुढे तिकडे कुठेतरी तेच लिहिलेलं असणार.

एकदा तिनंच विचारलं. “तम्मा, परत होतं म्हणून डॉक्टर काही बोलले होते का रे?” मी पेपरातून मान वर काढली नाही. “नाही. तुझ्या मनाचे खेळ असतील.” “असेल. माझंच काहीतरी चुकत असेल मग,” म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं रात्रीचं जेवण सोडलं.

त्या सकाळी सातला ती आत गेली. मी पेपर घेऊन व्हरांड्यात. आठ वाजून गेल्यावर तिथूनच ओरडलो, “अक्का?” दोन ठोके आले. मी पान उलटलं. पाऊण तासानं पुन्हा हाक मारली, तेव्हा काही नाही. शेजाऱ्यांना बोलावून दार तोडलं. गल्लीतले डॉक्टर लगेच आले. हात लावून म्हणाले, “जाऊन दीड-दोन तास झाले असतील.” मी घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ; आणि ठोके तर आठनंतर आले होते. मग माझं लक्ष बादलीकडे गेलं. शेजारी प्लास्टिकचा मग होता. तांब्या नव्हताच. आदल्या संध्याकाळी मीच तो चिंच लावून घासायला मागे मोरीत काढला होता, आणि तो तिथंच, चिंचेच्या चोथ्यासकट पडलेला होता... ठोके मात्र पितळेचेच होते. ते मी ऐकले, की तिच्या वतीनं उत्तर द्यायची सवय जडली होती म्हणून तेही मीच देऊन टाकलं?

गेल्या आठवड्यात दवाखान्याचा फोन आला. “अक्का ह्यांग अदार्री, सर?” मी टेबलावरून उठलो, बाहेर जिन्यात जाऊन सगळं सांगितलं. ती गेली ते, आणि त्याआधीची पाच वर्षं. पलीकडे मुलीनं कागद चाळल्याचं ऐकू आलं. मग हळूच म्हणाली, “मागचं सगळं आराम असंच लिहिलंय सर. काय करू?” म्हटलं, “खोडा.”

तांब्या आता घासून-पुसून व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलाय. सकाळी पेपर येतो, मी बसतो, आणि आठच्या सुमारास माझ्याही नकळत तोंडून ‘अक्का?’ जातं. थोडा वेळ काही नाही. मग आतून दोन ठोके येतात, स्पष्ट. तांब्या माझ्यासमोर असतो. पूर्वी मी पान उलटायचो. आता पेपर खाली ठेवतो, उठतो, आणि दार उघडून आत बघतो.