वारा वाढलाच नाही

पवनचक्कीवर सतरा वर्षं काढलेल्या फिटरकाकांचा त्या दुपारी वर जीव लागेना. वाऱ्याच्या वेगाचा आकडा काम थांबवायच्या मर्यादेच्या काठावर नाचत होता. "दोनच बोल्ट राहिलेत, उरकून टाका!" खालून साहेब वॉकीटॉकीवर ओरडले. काकांनी सोबत काम करणाऱ्या तरुण जोडीदारिणीच्या सेफ्टी बेल्टचा हूक ओढून पाहिला आणि म्हणाले, "चल पोरी, उतरू."

खाली येऊन ते तासभर येरझाऱ्या घालत राहिले. वारा काही वाढला नाही. "दिवस वाया घालवलात," साहेब फणकारले.

घरी आले तरी काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "मी उगाच घाबरलो का गं?" त्यांनी बायकोला विचारलं. तिचा सख्खा भाऊ अशाच एका मनोऱ्यावरून पडून दगावला होता.

"ती पोरगी घरी पोचली ना?" ती म्हणाली.

"पोचली," काका म्हणाले, पण जेवता जेवता उठून खिडकीतून वारा बघून आले.