बाजूला उभा दुभाष्या

फौजेत नाईक असलेल्या रंगनाथला बंदूक चालवता येत होती, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढता येत होता. नापास झाला तो खेळात. येलदरीजवळच्या वस्तीवर सुट्टीला आल्यावर त्याने हे घरात सांगितलं, तेव्हा त्याचा बाप सटवाजी हसता हसता खोकायला लागला.

"पोट्टे दिवसभर फोनवर खेळायलेत, ते? त्यात बी कोणी नापास होतंय का रे?"

होत होतं. आफ्रिकेत शांतिसेनेत जाणाऱ्या जवानांनी परक्या गावात कसं बोलावं, कुणापुढे कसं बसावं, हे शिकवायला तो खेळ तयार केला होता. चित्रातल्या गावात चित्रातला शिपाई शिरतो. समोरचा माणूस काही बोलतो, खाली हिंदीत चार उत्तरं येतात, त्यातलं एक दाबायचं. नीट बोललात तर वरची पट्टी हिरवी, चुकलात तर लाल. गोळी झाडायचं बटणच नाही. सुट्टी संपली की रंगनाथची दुसरी आणि शेवटची परीक्षा होती. तीही गेली तर तुकडीतून नाव कमी. सरावापुरता तोच खेळ युनिटने त्याला फोनवर दिला होता.

त्याचं नाव कमी झालं असतं तर एका माणसाचं भलंच होतं. त्याची बायको, दैवशाला. लग्न झाल्यापासून ती सासऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांमागे फिरत होती, आणि यंदा रंगनाथला छावणीत कुटुंबासाठी क्वार्टर मिळायची होती. तो परदेशी गेला की क्वार्टर गेली. दोघांनाही हे ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

दुपारी जनावरं सावलीला बसली आणि तिघं फोनभोवती जमले. चित्रात एक म्हातारा मेंढपाळ होता. लुटारूंनी त्याच्या शेळ्या पळवल्या होत्या. 'किती गेल्या, किती राहिल्या?' हे पहिलंच उत्तर. रंगनाथने ते सोडून चाऱ्यापाण्याची चौकशी दाबली. पट्टी लाल.

"बरोबर केलंस," सटवाजी म्हणाला. "जितराबं किती, हे मेंढक्याला तोंडावर इचारत न्हाईत. दिष्ट लागती. सोयरीक जमवाया आलेला पाव्हणा बी इचारत न्हाई. कळपाकडं बघून अंदाज घेतो."

"पण दादा, नापास करायलंय ना ते!" रंगनाथ बापाला म्हणाला.

"मग खेळ करणारा येडा हाय."

रंगनाथने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चारापाणीच विचारलं. म्हातारा पाठ फिरवून झोपडीत गेला. दैवशाला मागून बघत होती. तिला राहवेना.

"अहो, त्याच्या बाजूला टोपीवाला उभा हाय, त्यो कोण?"

"दुभाष्या. त्यायचं बोलणं आपल्याला सांगतो."

"त्याला काही इचारता येतं का?"

"येतंय की. पण मला काय गरज? मी मेंढक्याच्या पोटचा. मेंढक्याचं मन मला कळत न्हाई व्हय?"

"तुमाला मामांचं मन कळतंय. त्यो काय मामा हाय का? मामा जिंतूरला गेले तरी दिवस मावळायच्या आत माघारी येतेत."

"मला कशाला मधी घेतीस गं?" सटवाजी गुरगुरला.

तिने हात लांबवून दुभाष्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, या गावात नुकसान चारचौघांत विचारायचं असतं. आकडा विचारला नाही तर म्हाताऱ्याला वाटेल, तुम्हाला त्याची पर्वा नाही. रंगनाथने नाखुशीने आकडा विचारला. म्हाताऱ्याने चटई अंथरली आणि गेलेल्या एकेका शेळीचा रंग सांगायला बसला. पट्टी हिरवी.

"असले कसले मेंढके," म्हणत सटवाजीने घोंगडी झटकली आणि उठून गेला.

रंगनाथ मात्र फोनकडे बघत राहिला. मेंढपाळाचा पोरगा, गावाकडच्या लोकांत चटकन मिसळेल, म्हणूनच साहेबांनी त्याला निवडलं होतं, आणि तो त्याच भरवशावर होता. दुभाष्या प्रत्येक चित्रात उभा होता. रंगनाथने त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं.

दैवशालाने तोंड मिटून बसायला काय हरकत होती? काहीच नाही. क्वार्टर घरबसल्या मिळाली असती. पण चूक डोळ्यांपुढे दिसत असताना गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, एवढंच. त्याला त्याग वगैरे म्हणायचं कारण नाही.

परीक्षेत वेगळंच चित्र आलं. विहिरीवरची एक विधवा शिपायांना पाणी भरू देईना. रंगनाथने आधी दुभाष्याला विचारलं, मग तिच्याशी बोलला. पट्टी शेवटपर्यंत हिरवी राहिली. त्याने घरी फोन लावला.

"झालं," तो म्हणाला.

"कळायलंय आवाजावरून."

"क्वार्टरचं मात्र..."

"ठावं हाय." ती म्हणाली. "वर्साने माघारी आलात की अर्ज करा. तवा कुणाला इचारत बसू नका."

तो हो म्हणाला, आणखीही काही म्हणणार होता. पण शेळ्या शेजाऱ्याच्या कपाशीत शिरल्या होत्या. दैवशालाने फोन ठेवला आणि काठी घेऊन पळाली.