चाकातली हवा

माझ्या साडूइतका एका जागी न टिकणारा माणूस आमच्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो याच्याच जीपमध्ये शेजारच्या सीटवर बसलेला असेल. तिसगावात त्याचं शेत आणि एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप, तर रस्त्याला लागून माझं टायर-पंक्चरचं दुकान होतं. जेवायला मांडी घालून बसला तरी ॲक्सिलरेटरवर असल्यासारखा याचा उजवा गुडघा हलत राहतो. लग्नाला आला की चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून काढतो, आणि आत मंगलाष्टकं चाललेली असताना बाहेर मांडवाच्या कडेला याच्या जीपचं इंजिन चालूच असतं. एकदा मी रागावलो, तर म्हणाला, "बंद केलं की वाटतं, आता हितंच ऱ्हायचंय. लई जीव घाबरतो, पाव्हणं." माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा बाकीचे जमिनीची, नोकरीची चौकशी करत होते. याने एकच विचारलं, "गावाला यायला रस्ता कच्चा हाय का पक्का?" कच्चा म्हटल्यावर याचा होकार सगळ्यांच्या आधी झाला.

त्याचं दुसरं वेड पाण्याचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं, त्यामुळे साठलेलं पाणी दिसलं की हा हरखतो आणि जीपची पुढची दोन चाकं त्यात बुडवल्याशिवाय माघारी फिरत नाही. देवाला हात जोडावेत तितक्या मनापासून हा चाकं बुडवतो. एकदा सकाळी बाजारातून गूळ आणायला म्हणून निघाला तो थेट राजूरच्या पुढे पोचला, कारण भंडारदऱ्याला पाणी बक्कळ आहे असं कुणीतरी बोललं होतं. गूळ राहिलाच. माझी मेव्हणी म्हणते, "दाजी, लोकांच्या बायका देव बघून येत्यात. मी नुसती चाकं धुतल्याली बघितली."

अशा माणसाला आज ना उद्या समुद्राची ओढ लागणार हे उघड होतं. चार-पाच वर्षांपूर्वी त्याने ठरवलं, की जीपची चाकं समुद्रात बुडवायची. डांबरी रस्त्याने जाऊन किनाऱ्यावर चहा पिण्यात त्याला रस नव्हता. कोकणात कुठल्याशा खाडीपलीकडे सुरूच्या बनातून नुसत्या वाळूची वाट समुद्रावर उतरते, हे त्याने मोबाईलवर बघून ठेवलं होतं. तो, मेव्हणी, त्यांचा मुलगा आणि मी असे निघालो. घाट उतरेपर्यंत त्याने कुणाला धड चहा पिऊ दिला नाही. मेव्हणीने समुद्राला वाहायला आणलेला नारळ मांडीवर धरून ठेवला होता.

त्या प्रवासाची गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक कार्यात सांगितली जाते, आणि ती चुकीची सांगितली जाते. खरी हकीकत मलाच ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

वाळू सुरू होण्याआधी शेवटच्या टपरीपाशी साडू खाली बसला आणि काडीने वॉल्व दाबून चारही चाकांतली हवा त्याने निम्मी सोडून दिली. "चाक पसरलं की वाळूवर तरंगतं," म्हणाला. हे तो आमच्या कोरड्या नदीत शिकला होता. मग भरती कधी आहे ते विचारायला तो जवळच्या वाडीत गेला, मुलगा आणि मेव्हणी वाळूची वाट कशी आहे ते बघायला पुढे गेले. मी एकटा त्या बसक्या चाकांसमोर राहिलो. ज्याने उभा जन्म हवा भरण्यात घालवला त्याला तसलं चाक बघवत नाही. दुकानात तसं चाक आलं की मी गिऱ्हाइकाला विचारतसुद्धा नव्हतो, सरळ हवा भरायचो. हात शिवशिवायला लागले. बॅटरीवर चालणारा लहान पंप माझ्या पिशवीत होताच. चारही चाकं टणक केली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

साडू धावतच आला. "भरती हाय, पाणी जवळ आलंय, बसा." चाकांकडे न बघता त्याने गाडी हाणली. समोर समुद्र दिसायला लागला आणि जीप घसरत, ओरडत आसापर्यंत रुतली. तो उतरला. पुढच्या चाकावर अंगठा दाबून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघत होतो.

"माझंच चुकलं," तो मोठ्याने म्हणाला. "रेस जास्ती दिली."

वाडीतल्या बैलजोडीने जीप मागे ओढून काढली. चाकं कोरडीच राहिली. त्या दिवसापासून 'वाळूतला शहाणा' हे त्याचं नाव पडलं. मी प्रत्येक वेळी सगळ्यांसोबत हसलो. टायरवाल्यानेच गाडी रुतवली हे गावात कळलं असतं तर माझ्या दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पुढे दुकान कायमचं बंद केलं, तरी गप्पच राहिलो.

यंदा त्याच्या मुलाने जीपची किल्ली काढून घेतली. "बाबांना तेव्हा कळलं न्हाई, आता ह्या वयात काय कळणार," म्हणाला. साडू ओसरीवर बसून राहायला लागला. गुडघा हलायचा, पण हळू. मला ते बघवेना. मी मुलाला सगळं सांगितलं. तो किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मला दाखवा."

साडू मात्र माझ्यावरच चिडला. "कशाला सांगितलं? मला ठावं हुतं की. दुकान हुतं तुमचं."

आम्ही तिघे नदीत उतरलो. पाणी नव्हतंच, नुसती वाळू. मी खाली बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या भरलेल्या चाकाची हवा सोडायला लागलो. मला ती फुसफुस सोसवत नव्हती. स्टिअरिंगवर बसलेला साडू वरून म्हणाला, "अजून. भिऊ नका, पाव्हणं, अजून जाऊ द्या."

जीप त्या वाळूवरून होडीसारखी पलीकडे गेली. मुलगा कौतुकाने बापाकडे बघत राहिला. साडूने बाटलीतलं पिण्याचं पाणी पुढच्या दोन्ही चाकांवर थोडं थोडं ओतलं, पुन्हा वर चढून बसला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बसू जरा," म्हणाला.

त्याच्या गुडघ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.